शेवटचं कडवं

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी निवेदकाच्या हातात एक चिठ्ठी येते. गाण्यांचा क्रम, साथीदारांची नावं आणि प्रत्येक गाण्यापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची. बावीस वर्षं मी नाशिकमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांच्या गावी निवेदन करते आहे. या चिठ्ठ्यांनी माझ्या कपाटाचा एक आख्खा खण भरला आहे. गेल्या दिवाळीत तो आवरायला काढला तेव्हा लक्षात आलं, की त्यात सगळ्यांत जास्त वेळा आलेलं नाव कुठल्याच कवीचं नाही. तो एक शब्द आहे : पारंपरिक.

कितीतरी वर्षं हा शब्द मी काही मनात न येता वाचत आले. 'आता ऐकू या एक पारंपरिक लोकगीत' हे वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं, की चिठ्ठीत कवीची जागा कोरी दिसली तरी ते आपोआप बाहेर पडायचं. नाव नाही म्हणजे पारंपरिक. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

बारा वर्षांपूर्वी वाटलं. एका गावच्या महोत्सवाची शेवटची रात्र होती. लोकगीतांचा कार्यक्रम उशिरा सुरू झालेला, दहाच्या ठोक्याला लाऊडस्पीकर बंद करायचा, त्यामुळे विंगेत सगळ्यांची धांदल. गायकानं विहिरीचं एक गाणं घेतलं. आटलेल्या विहिरीच्या काठावर बसून तिच्याशी बोलणारी बाई, पोहऱ्यात आलेला चिखल, आणि 'तुला तरी माहेर आहे का गं' असं ती विहिरीलाच विचारते. मांडवात चिडीचूप झाली होती. पण माझं लक्ष घड्याळाकडे. पावणेदहा झालेले आणि दोन गाणी बाकी. मी विंगेतून बोटं फिरवून खूण केली, आवरा. गायक अनुभवी होता. त्यानं दुसऱ्या कडव्यानंतर ध्रुवपदावर येऊन तिहाई घेतली आणि गाणं सोडलं. टाळ्या पडल्या. दहाला पाच मिनिटं असताना कार्यक्रम संपला आणि मला हायसं वाटलं.

माइकची वायर गुंडाळणं चाललं होतं तेव्हा पायऱ्यांपाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. साठीच्या पुढचे, डोक्याला टोपी, हातात टॉर्च.

"बाई, ते विहिरीचं गाणं पारंपरिक नाही."

मी म्हटलं, "हो का? कुणाचं आहे?"

"आमच्या थोरल्या भावाचं. बहात्तरच्या दुष्काळात खडीवर असताना रचलं त्यानं."

मी काय बोलावं ते न सुचून विचारलं, "आहेत का ते?"

"आहेत ना. निफाडकडं, घरीच असतात. ओट्यावर बसून असतात दिवसभर." मग जरा थांबून ते म्हणाले, "शेवटच्या कडव्यात नाव आहे त्याचं. तुमच्या गायकानं ते म्हटलंच नाही."

ते कडवं गायकानं गाळलं नव्हतं. मी गाळलं होतं.

महिनाभरानं मी त्या गावी गेले. आजोबा खरंच ओट्यावर बसले होते, भिंतीला पाठ टेकून. बहात्तर साली ते पंचविशीत होते. रोजगाराचं काम म्हणून रस्त्याची खडी फोडायला जायचे, दुपारी सुकडी मिळायची. हातोडीच्या ठोक्याला ठोका मिळावा म्हणून गाणी म्हणायची. बाकीच्यांना येत होती ती जुनी, ह्यांना नवी सुचायची. विहिरीचं गाणं बायकांनी उचललं. त्यातल्या काही मुली लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यांत गेल्या, गाणं त्यांच्याबरोबर गेलं आणि चाळीस वर्षांनी एका कॅसेटवरून त्या गायकाकडे आलं. एवढ्या वाटेत नाव कुठे पडलं, कोण सांगणार?

मी माफी मागायला गेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी एकच गोष्ट विचारली : "पूर्ण म्हटलं का?"

मी नाही म्हटलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि फक्त शेवटचं कडवं म्हटलं. आवाज बसलेला, पण लय घट्ट. बोटं ओट्याच्या फरशीवर ठोका देत होती, हातोडीचा असावा तसा. त्या चार ओळींत त्यांचं नाव होतं, गावाचं नाव होतं आणि 'खडीवरचा गडी' अशी स्वतःची ओळख होती. मी ते उतरवून घेतलं. आजोबा आता नाहीत. ते पान माझ्या वहीत आहे.

तेव्हापासून मी शेवटच्या कडव्यांकडे बघायला लागले.

आपल्याकडे रचणाऱ्यानं नाव ठेवायची जागा ठरलेली आहे. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं, 'चोखा म्हणे' येतं, 'नामयाची जनी' येते. ज्ञानेश्वरांचा 'बापरखुमादेवीवरु' येतो. लावणी-पोवाड्यांत शाहीर शेवटी आपलं नाव, गुरूचं नाव, कधी गावाचंही नाव ओवतो. पेशवाईतल्या होनाजी बाळांची गोष्ट तर मला फार आवडते. होनाजी शिलारखाने रचणारा, बाळा कारंजकर गाणारा, आणि लोकांच्या तोंडी दोघांचं मिळून एक नाव झालं. लिहिणारा आणि गाणारा यांना इतक्या सहजपणे एका ओळीत बसवणारा दुसरा नमुना मला माहीत नाही. ज्या काळात छापील पुस्तक नव्हतं, रेकॉर्ड नव्हती, त्या काळात गाण्यालाच आपला मालक पाठीवर घेऊन फिरावं लागे. म्हणून नाव गाण्याच्या आत, यमकात आणि मात्रांत बसवलेलं. ओळ मोडल्याशिवाय ते काढता येत नाही. ते काढायचा एकच उपाय आहे, अख्खं कडवंच सोडून देणं. आणि आपण नेमकं तेच करतो. वेळ कमी आहे, दोनच कडवी घ्या. रेडिओला तीन मिनिटं हवीत. रीलला तीस सेकंद.

वामनदादा कर्डक आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२चा. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. पहिलं गीत १९४३ सालचं. तिथून पुढे २००४ साली जाईपर्यंत हा माणूस गावोगाव फिरत लिहीत राहिला, गात राहिला. १४ एप्रिलला कुठल्याही वस्तीत अर्धा तास उभं राहिलं, तर त्यांचं एखादं तरी गाणं कानावर पडतंच. गाणाऱ्या पोराला विचारलं, कुणाचं रे, तर तो कधी एखाद्या नामवंत गायकाचं नाव सांगतो, कधी कॅसेट कंपनीचं. पण तोच पोरगा शेवटच्या कडव्यात 'वामन' म्हणतो. त्याला माहीत नसलं तरी गाण्याला माहीत असतं. मला हे फार मोठं वाटतं. दादांच्या गाण्यांचे किती कार्यक्रम मी केले, आणि ज्या ज्या ठिकाणी शेवटचं कडवं गायलं गेलं, तिथे मी निवेदनात नाव विसरले असते तरी ते मांडवात उच्चारलं गेलंच असतं.

बहिणाबाईंच्या गाण्यांचं तसं नव्हतं. जळगावजवळच्या असोद्याच्या त्या, १८८० साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. शेतात आणि जात्यावर सुचलेलं लिहून घेणारी माणसं, मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी, घरातच होती म्हणून ते राहिलं. आचार्य अत्र्यांनी ते पाहिलं आणि १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या होत्या. ज्या माउलीची गाणी आज शाळेत पाठ होतात, तिला एकदाही कुणी मंचावर बोलावलं नाही, माइकसमोर उभं केलं नाही, 'आता ह्या त्यांचं स्वतःचं गाणं म्हणतील' असं कुणी म्हटलं नाही. ह्याची मला अजून हळहळ वाटते. लिहून घेणारा मुलगा ज्या बायांना नव्हता, त्यांची गाणी आमच्या चिठ्ठ्यांत पारंपरिक म्हणून येतात.

उलट काम करणारीही माणसं होऊन गेली. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी कार्यकर्त्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, आणि मला त्यात सगळ्यांत मोलाचं काय वाटतं तर प्रत्येक ओवीशेजारी बाईचं नाव आहे. गाव आहे, तालुका आहे. ओवी शेकडो वर्षं जुनी असेल, ती कुणी पहिल्यांदा म्हटली ते कधीच कळणार नाही. पण ह्या दिवशी, ह्या गावात, ह्या बाईनं ती अशी म्हटली, एवढं तरी लिहून ठेवलं. पारंपरिक म्हणून सोडून दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महोत्सवाच्या समितीत मी एक मागणी ठेवली. आमचा तीन दिवसांचा, जानेवारीतला, लोकवर्गणीतून चालणारा महोत्सव आहे. शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत, एक रात्र लोकसंगीत, असा त्याचा साचा. मी म्हटलं, एक सत्र नव्या गीतकारांना द्या. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, आणि बोली आपल्या घरातली. अहिराणी असो, कोकणा असो, लेवा असो. दुसऱ्याचं गाणं एकही नाही.

पहिला प्रश्न आला तो बरोबरच होता : ऐकायला कोण येणार? माहीत असलेलं गाणं ऐकायला माणूस तिकीट काढतो, न ऐकलेलं ऐकायला कोण बसतं? समितीतला एक तरुण अरुणाचलमध्ये झिरोच्या संगीत महोत्सवाला जाऊन आला होता. तो म्हणाला, ताई, तिथे बसतात. २०१२ साली सुरू झालेला तो महोत्सव. भातशेतीच्या खोऱ्यात बांबूचा मंच, आपातानी लोकांनी बांधलेला, आणि ईशान्येकडची पोरं आपापल्या भाषेत स्वतः लिहिलेली गाणी म्हणतात. शेजारच्या खोऱ्यातल्या माणसालाही ती भाषा कळत नाही, पण पावसात उभं राहून ऐकतात. त्याच्या मोबाइलवरचं चित्रण आम्ही सगळ्यांनी पाहिलं. शब्द मलाही कळले नाहीत. चिखलात गमबूट घालून उभी माणसं मात्र दिसली, आणि तेवढं पुरेसं झालं.

दुसरा प्रश्न वेळेचा. नवोदितांना दुपारी चारची वेळ द्यायची रीत आहे, खुर्च्या पुसणं चाललेलं असतं आणि समोर फक्त गाणाऱ्याचे नातेवाईक असतात. मी साडेसातची वेळ मागितली. दोन मोठ्या नावांच्या मध्ये. पहिल्यासाठी आलेले उठून जायच्या आत आणि दुसऱ्यासाठी येणारे येऊन बसल्यावर. यावर बरीच वादावादी झाली, शेवटी अध्यक्षांनी मान्य केलं.

मग मी एक कागद तयार केला. त्यावर पाच रकाने : गाण्याचं नाव, शब्द, चाल, बोली, गाव. खाली एक ओळ : 'एकही कडवं गाळलं जाणार नाही.' त्या निमित्तानं मी कायदाही वाचला. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्याचं ५७वं कलम सांगतं, की हक्क विकून टाकले तरी ही रचना माझी आहे असं म्हणायचा अधिकार रचणाऱ्याकडेच राहतो. २०१२च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट झाली. ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला आता वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कुणाच्या नावावर करता येत नाही. कुणी सही घेतली तरी. हे वाचून मी या सत्रासाठी निवडलेल्या सात जणांना फोन केले. एकाला माहीत होतं. दोघांनी आपली गाणी याआधीच एका चॅनेलला देऊन टाकली होती, एकानं दोन हजारांत, एकानं नुसत्या 'तुझं नाव होईल'वर. खानदेशातल्या बोलीगीतांना आज यूट्यूबवर कोट्यवधी लोक ऐकतात, लग्नाच्या वरातीत डीजेवर तीच वाजतात. पण पडद्यावर मोठ्या अक्षरांत चॅनेलचं नाव असतं. लिहिणाऱ्याचं नाव वर्णनाच्या तळाशी, तेही असलं तर. तिथे शेवटच्या कडव्याचीही सोय नाही, कारण गाणं वरातीत कधी शेवटपर्यंत वाजतच नाही.

इथे एक सांगायला हवं. त्या सात जणांची नावं मी या लेखात घेत नाही. गाण्याला नाव लागलंच पाहिजे, मंचावर मी ती प्रत्येकी दोनदा घेतली. पण इथे मी त्यांच्या घरातलं, विंगेतलं बोलणं सांगते आहे, आणि ते सांगायची परवानगी मी मागितलेली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ग्रीन रूममध्ये तालीम होती. नाशिकरोडचे एक रिक्षावाले होते, भीमगीतं लिहिणारे. त्यांनी आल्या आल्या पट्टी सांगितली, ढोलकीवाल्याला ठेका सांगितला आणि दहा मिनिटांत मोकळे झाले. त्यांच्या तिन्ही गाण्यांत शेवटी त्यांचं नाव होतं, वामनदादांच्या वळणानं, आणि ते म्हणताना त्यांचा हात आपोआप छातीवर जायचा. मालेगावचा एक मुलगा यंत्रमागावर काम करणारा, रॅप करणारा. त्यानं तर पहिल्याच ओळीत नाव घेतलं. मी त्याला विचारलं, सुरुवातीलाच का? तो म्हणाला, "मॅम, शेवटपर्यंत कोण थांबतं?" ह्या पोरानं कधी अभंगाची नाममुद्रा अभ्यासली नसेल, पण नाव कुठे गळतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि धुळे जिल्ह्यातली एक मुलगी होती, बीएच्या शेवटच्या वर्षाची. आईला घेऊन एसटीनं आली होती. तिची वही म्हणजे कृषी सेवा केंद्राकडून फुकट मिळणारी डायरी, खताच्या पोत्याचं चित्र असलेली. पेटीवाल्या काकांनी विचारलं, "कुठली पट्टी बेटा?" ती गोंधळली. काका म्हणाले, "राहू दे, तू म्हण, मी शोधतो." तिनं सुरुवात केली, काकांची बोटं पट्ट्यांवरून दोनदा घसरली आणि काळी दोनवर थांबली. "ही तुझी," ते म्हणाले. तिनं तिथेच डायरीत लिहून घेतलं : काळी दोन.

गाणं कापूसवेचणीचं. 'कापूस येची येची बोटे फाटनात' अशी पहिली ओळ. कापसाचं बोंड उललं, की त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून सुईसारखी होतात आणि वेचताना नखांच्या कडेला लागत राहतात. दिवसभर वेचणाऱ्या बाईची बोटं संध्याकाळी भाकरीच्या पिठात घालवत नाहीत. हे मी कुठल्या भावगीतात ऐकलं नव्हतं. मी तिच्या आईच्या हातांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

डायरीत गाणं तीन कडव्यांचं होतं, आणि त्याखाली चौथं, निळ्या शाईनं आडवं-उभं खोडलेलं.

"हे का खोडलं?"

तिनं आईकडे बघितलं. "मन्हं नाव शे त्यामा," ती म्हणाली. "आपलं नाव आपणच घेवानं?"

मी तिला काही समजावून सांगितलं नाही. मी माझी वही काढली आणि खडी फोडणाऱ्या आजोबांचं ते पान तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग विचारलं, हे कोण? मी सांगितलं. इतक्या वर्षांनी का होईना, कुणाला तरी मी ते नाव सांगू शकले.

कागदावर 'चाल' या रकान्यात तिनं लिहिलं होतं : आई. मी आईंना विचारलं, "चाल तुमची का?" त्यांनी जोरात मान हलवली. "मन्ही नही. मन्ही मायनी."

बघा, हाच तो क्षण. आजीची चाल, आजीला ती आणखी कुणाकडून आलेली, कुणी बांधली ते कुणालाच माहीत नाही. माझ्या जागी कुणीही बसलेलं असतं तरी रकान्यात 'पारंपरिक' लिहून मोकळं झालं असतं, आणि ते चूक आहे असंही कुणी म्हटलं नसतं. पण परंपरा म्हणजे ह्याच तीन बायका ना? आजीनं जात्यावर म्हटलं, आईनं वावरात म्हटलं, लेकीनं त्यावर स्वतःचे शब्द चढवले. मी आजीचं नाव विचारलं. आई क्षणभर थांबल्या. आपल्या आईचं नाव असं परक्या माणसानं, लिहून घेण्यासाठी विचारावं, हे त्यांना नवीन असावं. मग त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि गावही सांगितलं. मी रकान्यात सगळं लिहिलं. जागा पुरली नाही, म्हणून समासात लिहिलं.

संध्याकाळी साडेसातला आधीचे कलाकार उठले आणि अपेक्षेप्रमाणे निम्मा मांडव चहाला उठला. मी घाबरले होते. रिक्षावाल्यांनी सुरुवात केली आणि चहाचे कप हातात धरूनच माणसं परत आली. सगळी नाही, पण बरीच. रॅपला पुढच्या रांगेतले आजोबा-आजी अवघडून बसले होते, मागची पोरं मात्र उभी राहिली. एका गाण्यात माइकनं शिट्टी मारली, एकाची सुरुवात बेताल झाली आणि ढोलकीवाल्यानं त्याला सांभाळून घेतलं. हे सगळं मी लपवत नाही. न ऐकलेलं गाणं ऐकायला वेळ लागतो. दुसऱ्या ध्रुवपदाला ते कानाला ओळखीचं होतं, त्याच्या आधी नाही.

मुलगी चौथी होती. मी तिचं नाव घेतलं, मग म्हटलं, "चाल हिच्या आजीकडून हिच्या आईकडे आणि आईकडून हिच्याकडे आलेली आहे," आणि तिन्ही नावं वाचली. आई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. स्वतःच्या आईचं नाव लाऊडस्पीकरवरून आलं तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

तिन्ही कडवी झाली. ध्रुवपद झालं. टाळ्या सुरू झाल्या, लोकांना वाटलं संपलं. ती माइक धरून उभीच होती. माझ्या हातातल्या घड्याळात वेळ संपून चार मिनिटं झाली होती. ढोलकीवाल्यानं माझ्याकडे बघितलं, खुणेची वाट बघत. मी हात मागे बांधून घेतले. मग तिनं चौथं कडवं घेतलं. नावाच्या ओळीवर आवाज अगदी बारीक झाला, ऐकूच येईना असा. ढोलकीवाल्यानं ठेका तसाच ठेवून डावा हात ढोलकीवरून उचलला आणि फक्त बोटांनी वाजवत राहिला. त्या शांततेत तिचं नाव शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

सुरगाण्याकडचा एक मुलगा शेवटून दुसरा होता. कोकणा बोलीत लिहिणारा. सुरगाण्यातली माणसं हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. छाटणी, घडातले मणी विरळ करायचं थिनिंग, घड औषधात बुडवायचं डिपिंग. त्याचं गाणं डिपिंगचं होतं : जीए म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाच्या पाण्यात घड बुडवून बुडवून बापाच्या हातांना चढलेला रंग, आणि घरी गेल्यावर त्या हातांना न ओळखणारी धाकटी बहीण. पावरी, म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवायला त्याचा काका होता. पावरीचा सूर पेटीला जुळेना, तेव्हा पेटीवाल्या काकांनी भाता मिटला आणि हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसले. मला आजही त्या सात जणांच्या गाण्यांतलं हे सगळ्यांत चांगलं वाटतं.

सत्र संपलं. पुढच्या ज्येष्ठ गायिका मंचावर येऊन बसल्या, तानपुरे लागायला लागले. तेवढ्यात तो मुलगा विंगेत माझ्यापाशी आला. हातात शाल-श्रीफळ तसंच.

"ताई, तुम्ही सुरगाणा म्हणालात."

"हो, तूच लिहिलं होतंस ना?"

"तालुका सुरगाणा. आमचा पाडा राहिला."

मी चिठ्ठी उलगडली. गावाच्या रकान्यात तालुक्याच्या वर, बारीक अक्षरांत, पाड्याचं नाव होतं. घाईत माझ्या नजरेतून सुटलेलं. मी मंचावर गेले, गायिकांच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि कानात सांगितलं. त्यांनी तानपुऱ्यावरचा हात काढला, मागे वळून दुसऱ्या तानपुऱ्यालाही थांबायला सांगितलं आणि मला मान हलवून परवानगी दिली.

मी माइकवर त्याचं नाव पुन्हा घेतलं, आणि पाड्याचं नाव घेतलं. मांडवाच्या अगदी मागे, कनातीला लागून, पिकअप भरून आलेली पंधरा-वीस माणसं खाली सतरंजीवर बसली होती. ती सगळी उठून उभी राहिली.